सोळा घाबरट ससे पाहिजेत

सोमवार, २ सप्टेंबर १९७४

आजपासून दैनंदिनी. हौस म्हणून नाही, कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहायला लावली आहे. छातीत धडधडतं म्हणून गेलो होतो. त्यांनी नळी लावून ऐकलं, यंत्रातून कागदाची लांबलचक पट्टी काढली आणि म्हणाले, "निवा-सान, हृदय ठणठणीत आहे. धडधडेल तेव्हा नाडी मोजा. काय करत होतात, समोर कोण होतं, तेही लिहा."

मी म्हटलं, "मी औषधशास्त्राचा माणूस आहे. नाडी मोजण्यात माझी बारा वर्षं गेलीत."

"सशांची," ते म्हणाले. "आता स्वतःची मोजा."

माणूस खवचट आहे.

तर नोंद. सकाळच्या कवायतीनंतर ७४. दहा वाजून वीस मिनिटांनी प्राणिघराच्या कायानो-सान चाऱ्याच्या यादीवर माझा शिक्का घ्यायला आल्या, तेव्हा ११६. कारण: बहुधा जिना. (जिना त्या चढून आल्या होत्या, मी खुर्चीतच होतो. पण आमच्या खोलीत हवा कमी आहे.) त्या गेल्यावर पाच मिनिटांत ७२.

बुधवार, ४ सप्टेंबर

दोबाशी साहेबांनी बैठक घेतली. साहेब आमच्या संशोधन विभागाचे प्रमुख. त्यांचा आवाज असा की ओसाकाच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाचा माणूस उठून माफी मागेल.

विषय आमचं औषध, डी-३०८. आईला मी हे असं समजावलं होतं: माणूस घाबरला की अंगात एक द्रव्य सुटतं. ते हृदयाच्या दारावर थापा मारतं आणि हृदय पळत सुटतं. आमचं औषध त्या दाराला आतून कडी घालतं. मग थापा मारणाऱ्याने खुशाल मारत बसावं. आई म्हणाली होती, "आणि दारावर चांगलं कोणी आलं असेल तर?" आईला विज्ञान कळत नाही.

सशाला ते द्रव्य टोचून आम्ही हे सिद्ध केलेलं आहे. ठोके दोनशे दहावरून तीनशेला जातात, आधी औषध दिलं असेल तर दोनशे तीसलाच थांबतात. एवढ्यावर कोणीही समाधान मानलं असतं. पण संचालक मंडळाचं म्हणणं पडलं, की सुईने घातलेली भीती ही काही खरी भीती नव्हे.

"खरी भीती दाखवा!" साहेब टेबलावर हात आपटून गरजले. "मोठी घंटा वाजवा, ससा घाबरवा, मग औषध द्या, पुन्हा वाजवा! सोळा ससे! अकरा ऑक्टोबरच्या आत! नाही जमलं तर आपला गट बंद. आणि निवा, कुशिरोच्या शाखेत विक्रीला माणूस हवाच आहे."

कुशिरो म्हणजे पार उत्तरेचं टोक. सहा वर्षांपूर्वी आमच्या विभागातले होसाका तिकडे गेले. दर नव्या वर्षाला ते एक खारवलेला मासा आणि पत्र पाठवतात. पत्र दर वर्षी आखूड होत गेलं. या वर्षी नुसता मासा आला.

आणि विक्री! अनोळखी डॉक्टरांच्या दारात उभं राहून हसायचं! मला रेल्वेच्या खिडकीवर तिकीट मागतानासुद्धा घाम फुटतो. नाडी १३०. कारण: उघड आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

घाबरला! ससा घाबरला!

घंटा आगीच्या इशाऱ्याची आहे, टोपलीएवढी. सात नंबरचा ससा पेटीत ठेवला, तारा लावल्या, घंटा दाबली. गडी वीतभर उडाला. ठोके दोनशे आठवरून दोनशे शहाण्णव! सहकारी सेकी ओरडला, मी ओरडलो, दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. मग औषध दिलं, तासाभराने पुन्हा घंटा. दोनशे एकवीस! कडी बसली दाराला!

कायानो-सान सशांच्या टोपल्या घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आता या सातव्याचं काय?"

"उद्या त्याचं हृदय काढून तपासायचं."

"तपासून परत बसवता?"

"नाही, परत नाही बसवत."

त्यांनी सातव्याच्या टोपलीचं झाकण नीट केलं आणि म्हणाल्या, "आणि जो घंटेला घाबरतच नाही, तो?"

"तो आम्हाला निरुपयोगी. औषध दिलेलं नसतं, त्यामुळे प्राथमिक शाळांना देऊन टाकतो. मुलं पाळतात."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि तळहातावर पेनने काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, घंटा वाजवायला दोनच बटणं दाबावी लागतात का, आणि ती रोज पुसली तर चालेल का. म्हटलं, चालेल काय, पुसाच. बाईंना विज्ञानात इतका रस असेल असं वाटलं नव्हतं.

नाडी १२१. कारण: यशाचा आनंद.

शनिवार, ७ सप्टेंबर

इमारतीमागे प्रयोगात गेलेल्या प्राण्यांची स्मृतिशिळा आहे, तिच्यापुढे आज अर्धं गाजर ठेवलेलं दिसलं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

काहीतरी बिनसलं आहे. आठवड्यात अकरा ससे पेटीत घातले, एकही घाबरला नाही. घाबरणं राहू द्या, घंटा वाजली की कान उभारतात, दाराकडे तोंड करतात आणि जिवणी हलवायला लागतात. ठोके वाढतात, पण फार तर दहा. आणि ते भीतीचे वाटत नाहीत. आज चौदा नंबरचा तर घंटेआधीच दाराकडे तोंड करून बसला होता.

सेकी म्हणाला, "अरे, हे ससे आहेत की बौद्ध भिक्षू?"

मी कायानो-सानना विचारलं, सशांच्या वागण्यात काही फरक जाणवतो का. त्या म्हणाल्या, "भूक वाढली आहे, निवा-सान. ऋतू बदलतोय ना." खरंच, गाजरांची मागणी तिप्पट झाली आहे. तिन्ही याद्यांवर मीच शिक्का मारला. ऋतूचा मुद्दा टिपून ठेवला आहे.

नाडी ११९, शिक्का मारताना. कारण: शाईचा वास?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

साहेब म्हणाले, घंटेत दम नाही. स्वतः आले. बाह्या सरसावल्या, पेटीपाशी ओणवे झाले आणि सशाच्या कानाशी ओरडले, "मूर्खा! हे काम आहे का?"

ससा पान चावत राहिला. दोनशे बारा.

मात्र बाहेरच्या खोलीत दोघेजण उभे राहून "चुकलं, साहेब" म्हणाले. सेकीच्या हातून चहाचा कप पडला. मी स्वतः पेटीआड कधी जाऊन बसलो ते मला आठवत नाही. साहेबांनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी आवाज बसला. आता कुजबुजत बोलतात, ते जास्त भयंकर वाटतं.

रविवार, १५ सप्टेंबर

सुट्टी. आज ज्येष्ठांच्या सन्मानाचा दिवस म्हणून आईला आवडते ते गोड लाल तांदूळ आणले. तिने ते बाजूला ठेवले आणि माझ्यापुढे एका मुलीचा फोटो ठेवला. किमोनो, हातात पंखा, मागे खोटी बाग. दाताच्या डॉक्टरची मुलगी.

"बघ तरी," आई म्हणाली. "चौतीस वर्षांचा घोडा झालास."

बघितलं आणि सवयीने नाडी मोजली. ७०. म्हटलं, "आई, या मुलीपासून माझ्या तब्येतीला काहीही धोका नाही." आईने कपाळाला हात लावला.

मग मीच विषय बदलला. प्राणिघराचं सांगायला लागलो. कायानो-सान एकट्या चाळीस पिंजरे कसे सांभाळतात, पाच वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले तरी कामात कधी खाडा नाही, त्यांचे रबरी बूट डाव्या बाजूला ठिगळ लावलेले आहेत तरी चालताना आवाज होत नाही, ससा उचलताना त्या आधी त्याला हात हुंगू देतात. बोलता बोलता सूप गार झालं. आईने एकदम माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मला दुसऱ्यांदा भात वाढला. फोटो पाकिटात घालून ठेवला.

म्हातारपणी माणूस विसरभोळा होतो. फोटोबद्दल नंतर एक शब्द काढला नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर

नवी योजना. सशांना घंटेची सवय कशीतरी झाली आहे असं गृहीत धरू. (कशी, ते कळत नाही.) तर नव्या वस्तू आणायच्या. यादी अशी: लाल राक्षसाचा मुखवटा, रबरी साप, कुत्रा भुंकण्याची टेप, फुगा.

यादी फळ्यावर लिहीत होतो तेव्हा कायानो-सान आल्या. म्हणाल्या, "कोणत्या दिवशी काय, ते आधी कळलं तर बरं. माझ्या मनाची तयारी होते."

मी त्यांना वेळापत्रकाची प्रत करून दिली. वस्तू ठेवायलाही माझ्या कपाटात जागा नव्हती, म्हणून प्राणिघरातच ठेवल्या. किती जबाबदार बाई!

नाडी १२४. कारण शोधतो आहे. सोया सॉस कमी करून पाहीन.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मुखवटा. सेकीने तो घातला आणि पेटीच्या काचेवर एकदम तोंड आणलं. मी हे माहीत असून दचकलो. अठरा नंबरच्या सशाने पुढचे पाय काचेवर टेकले आणि मुखवट्याचं नाक चाटायचा प्रयत्न केला. दोनशे सहा.

मुखवट्याच्या नाकाला गाजराचा वास येत होता. प्राणिघरात ओल आहे, वास पकडतात वस्तू.

बुधवार, २५ सप्टेंबर

साप. एकवीस नंबरचा ससा सापावर मान टाकून झोपला.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आजवर एकोणीस ससे निरुपयोगी ठरले. आसपासच्या सगळ्या शाळा भरल्या. आता एक बालवाडी आणि एक अग्निशामक दल रांगेत आहेत. घाबरट ससे: एक. तोही हयात नाही.

एका मुख्याध्यापकांचं आभाराचं पत्र आलं. लिहितात, "आपले ससे अतिशय धीट आणि हुशार आहेत. शाळेची घंटा झाली की चौघेही दाराशी ओळीने बसतात आणि गाजर मागतात. त्यांना एवढी चांगली शिकवण कोणी दिली?"

मी हे कौतुकाने सेकीला वाचून दाखवलं. त्याने पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"निवा, तुला खरंच विद्यापीठाने डॉक्टरेट दिली आहे?"

"म्हणजे काय! उंदराच्या आतड्याच्या आकुंचनावर."

"हं," तो म्हणाला. "आतड्यापर्यंत ठीक आहेस तू."

तिरसटपणा वाढलाय त्याचा. गट बंद होण्याची धास्ती असणार. धास्ती मलाही आहे. आज जेवणाच्या सुट्टीत नकाशा काढून कुशिरो पाहिलं. खाली समुद्र, वर दलदल. मी कामाला लागलो ते या इमारतीत. उद्या मला इथून उचललं तर सकाळी मी कोणत्या दाराने आत जाणार? हे लिहिताना एकाएकी रडू आलं. कुशिरोत धुकं फार असतं म्हणे. आणि रोज दहा वीसला शिक्का घ्यायला कोणी येणार नाही. शिक्क्याचं काम मला आवडतं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

सेकी म्हणाला, "एवढी धडधड होते तर आपल्याच डी-३०८ची गोळी घे की." मी म्हटलं, मी काय ससा आहे? तो म्हणाला, "नाहीस. ससे शिकतात."

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज लिहायला हात चालत नाही. तरी लिहितो.

सकाळी सात वाजताच गेलो. नवे आठ ससे आले होते, त्यांना कोणीही हात लावण्याआधी घंटा ऐकवावी असा विचार होता. अंगणात पोचलो तर प्राणिघरातून घंटेचा आवाज! आग लागली म्हणून धावलो. बादली उचलली, दार ढकललं.

आत कायानो-सान. राक्षसाचा मुखवटा डोक्यावर सरकवलेला, एक हात घंटेच्या बटणांवर, दुसऱ्या हातात गाजराचे तुकडे. समोर आठ नवे ससे गोल बसलेले. घंटा वाजवायच्या, तुकडा द्यायच्या, आणि बोलायच्या, "ही बघा घंटा. घंटेत काही नाही घाबरण्यासारखं. आवाज मोठा आहे इतकंच. घंटेमागे निवा-सान असतात, ते तर फारच मऊ आहेत. घाबरलात तर मात्र गेलात, माझ्या सोन्यांनो."

मी बादलीतलं पाणी स्वतःच्या पायावर ओतलं.

त्या वळल्या. मुखवटा घसरून तोंडावर आला, तो काढून त्या ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि कपाळ टेकवलं. "सातव्याला मी बाटलीने दूध पाजून मोठा केला होता. सात सप्टेंबरपासून रोज सकाळी हे करते आहे. अहवालात माझं नाव लिहा. मी दोषी आहे."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट ठोके पडल्यासारखी पडत गेली. गाजरं. घंटा पुसणं. वेळापत्रक. सापावर झोपलेला ससा. मुख्याध्यापक! अरे देवा, मुख्याध्यापकांना कळलं, मला कळलं नाही!

राग यायला हवा होता. चार आठवडे, गटाचं भवितव्य, माझी बदली. मी रागाची वाट बघत उभा राहिलो. तो आला नाही. मी म्हटलं, "उठा, जमीन ओली आहे, गुडघे दुखतील."

नाडी मोजायची राहिली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

तीन दिवस विचार करतो आहे. हिशोब सरळ आहे. त्यांचं नाव लिहिलं, तर प्रयोग का फसला ते सिद्ध होतं. मंडळ मुदत वाढवून देईल, नवे ससे, प्राणिघरात नवा माणूस, गट वाचतो, मी इथेच राहतो. कायानो-सानना काढून टाकतील. नाव नाही लिहिलं, तर आम्हाला ससा घाबरवता येत नाही एवढंच सिद्ध होतं, आणि मी कुशिरोला.

म्हणजे एकात मी इथे आणि त्या नाहीत. दुसऱ्यात त्या इथे आणि मी नाही. दोन्ही उत्तरं सारखीच वाईट का वाटतात, ते कळत नाही. पहिलं तर उघड माझ्या फायद्याचं आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

मोठी बैठकीची खोली. पाच संचालक, मध्ये अध्यक्ष, वय एक्याऐंशी. समोर दोबाशी साहेब, मी, सेकी. चहा द्यायच्या मुली रजेवर होत्या म्हणून चहा आणायला कायानो-सान. मी उभा राहिलो. म्हटलं, "चाळीस ससे तपासले. एक घाबरला. बाकीच्यांना कोणीतरी घंटेची सवय लावली होती. ते मी केलं. रोज सकाळी सात वाजता घंटा वाजवून गाजर दिलं. सारी चूक माझी आहे." आणि कमरेत वाकलो.

दोबाशी साहेबांचा आवाज आला. "सात वाजता?"

"हो, साहेब."

"रोज?"

"रोज."

"निवा, तुझ्या हजेरीच्या कार्डावर पाच आठवड्यांत अकरा वेळा उशिराचा शिक्का आहे. सात वाजता तू घंटा वाजवत होतास, तर नऊ वाजता धावत फाटकातून येत होता तो कोण?"

एवढी तयारी केली होती, हे डोक्यात आलंच नव्हतं. मी वाकलेलाच राहिलो, वर बघायची सोय नव्हती.

तेवढ्यात चहाचा ट्रे खाली ठेवल्याचा आवाज. "मी केलं," कायानो-सान म्हणाल्या आणि माझ्या शेजारी वाकल्या.

"खोटं!" सेकी उठला. "मला सत्तावीस सप्टेंबरलाच कळलं होतं आणि मी बोललो नाही. दोष माझा." तोही वाकला.

आता दोबाशी साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता छप्पर उडणार. ते उठले, कोटाची बटणं लावली, आणि मंडळाकडे तोंड करून सरळ काटकोनात वाकले. "हाताखालच्या माणसांची चूक ती प्रमुखाची चूक. जबाबदारी माझी. मी राजीनामा देतो."

प्रमुखच वाकल्यावर संशोधन पाहणाऱ्या संचालकांना बसून कसं चालेल? ते उठले. "विभाग माझ्या अखत्यारीत आहे. जबाबदारी माझी." ते वाकले. मग शेजारचे म्हणाले, खऱ्या भीतीची कल्पना मुळात त्यांची होती, तेही वाकले. उरलेले तिघे एकमेकांकडे बघत होते, मग घाईघाईने ओळीने वाकले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पाठीच पाठी. उभं डोकं राहिलं एकच.

अध्यक्ष काठी टेकत उठले. म्हणाले, "कंपनी माझी आहे. जबाबदारी माझी." आणि एक्याऐंशीव्या वर्षी जेवढं वाकता येतं तेवढं वाकले.

आता पंचाईत! अध्यक्षांच्या वर कोणीच नाही. त्यांनी राजीनामा द्यायचा तर कंपनीच बंद करावी लागेल. आणि ते वाकलेले असताना आधी सरळ कोण होणार? चहा गार झाला. माझ्या पाठीत चमक निघाली. शेजारून कायानो-सान कुजबुजल्या, "निवा-सान, तुमच्या मोज्याला भोक आहे." हसू येईल म्हणून मी श्वास रोखून धरला.

शेवटी अध्यक्षच खालून म्हणाले, "दोबाशी, घंटा कोणत्या कंपनीची होती?"

"बाहेरून घेतलेली, साहेब."

"मग घंटाच सदोष असणार."

सगळे एकदम सरळ झाले. इतिवृत्तात लिहिलं गेलं: घंटा सदोष, सशांचा किंवा कर्मचाऱ्यांचा दोष नाही. सुई टोचून केलेले प्रयोग पुरेसे आहेत, भीतीचा प्रयोग रद्द. डी-३०८चं काम आता कुत्र्यांच्या रक्तदाबावर पुढे चालेल. बारा शिक्के पडले. पण दोष ठरला म्हणजे कोणाला तरी शिक्षा हवीच. घंटेची कुशिरोच्या शाखेत बदली करण्यात आली.

बाहेर आल्यावर दोबाशी साहेबांनी मला खोपच्यात घेतलं. "गाढवा, खोटं बोलायचं तर आधी हजेरी बघावी." मग घसा खाकरून म्हणाले, "सशांच्या जिवण्या मी तेरा सप्टेंबरलाच बघितल्या होत्या. सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात." आणि निघून गेले. एवढं हळू ते कधी बोलले नव्हते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दहा वीसला कायानो-सान आल्या. हातात यादी नव्हती. दार लावलं. सेकीला काहीतरी आठवलं आणि तो घाईने बाहेर गेला.

"निवा-सान, तुम्ही माझ्यासाठी कुशिरोला निघाला होतात. का?"

मी म्हटलं, सांख्यिकीच्या दृष्टीने पाहता. पुढचं वाक्य सापडेना. त्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, ओलावा. म्हटलं, ऋतू. त्यांनी रबरी हातमोजा काढला, माझं मनगट धरलं आणि माझ्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं.

"एकशे तेवीस. माझी भीती वाटते?"

"नाही."

"मग?"

मी कपाटातून ही वही काढली आणि त्यांच्यापुढे उघडली. सहा आठवडे. म्हटलं, "तुम्ही आलात की असं होतं. दुसरं कोणी आलं की होत नाही. जिना, शाई, सोया सॉस, सगळं तपासून झालं. तुम्ही इथे नसाल तर मला इथे राहायचं नव्हतं, म्हणून. मला तुम्ही आवडता." एवढं सगळं मी एका दमात बोललो. मी!

त्यांनी पानं उलटली. ओठ दाबून धरले होते, तरी खांदे हलत होते. "सहा आठवडे नोंदी, आणि निष्कर्ष आज?"

"उशीरच झाला."

"तुम्ही सगळ्यांची नाडी मोजली," त्या म्हणाल्या. "सशांची, स्वतःची. माझी एकदाही नाही." आणि हात पुढे केला.

मनगटावर गवताचा वास होता आणि सशाच्या नखांचे बारीक ओरखडे. मी बोटं ठेवली. पहिल्यांदा मोजणं चुकलं. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं, घड्याळ लावून, पूर्ण मिनिट.

एकशे एकतीस.

"काय कारण वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी वही मिटली आणि हात तसाच धरून ठेवला.